कादंबऱ्यांस शाळेचें दार बंद

ज्या राष्ट्रानें १७९१ सालीं आपल्या राज्यघटनेस जोडलेल्या पहिल्याच दुरुस्तींत भाषणाचें व मुद्रणाचें स्वातंत्र्य संकुचित करणारा कायदा करण्यास आपल्या विधिमंडळास मनाई केली, त्याच राष्ट्राच्या शाळांतून पुस्तकें काढून टाकण्याची सांथ पसरावी, ही गोष्ट वरवर पाहणारास विपरीत वाटेल. परंतु ती खरी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लेखकांच्या स्वातंत्र्यासाठीं झटणारी 'पेन अमेरिका' नांवाची संस्था अलीकडे या प्रकारांची दरसाल मोजदाद करीत असते. तिच्या गणनेप्रमाणें २०२१-२२ या शालेय वर्षांत सरकारी शाळांतून पुस्तकबंदीचे २,५३२ प्रकार घडले. पुढील वर्षीं ते ३,३६२ झाले. आणि २०२३-२४ मध्यें हा आंकडा १०,०४६ वर जाऊन पोंचला. २०२४-२५ मध्यें तो ६,८७० पर्यंत उतरला हें खरें. तथापि पहिल्या वर्षाच्या अडीचपटीहून तो अधिकच आहे. एकच पुस्तक दहा ठिकाणीं काढलें तर तें दहा वेळां मोजलें जातें, व चौकशी चालू असतां बाजूस ठेवलेलें पुस्तकही या हिशेबांत येतें, ही सवलत देऊनही रोग किरकोळ आहे असें म्हणतां येत नाहीं.

या हकालपट्टीच्या तडाख्यांत केवळ कालपरवांचीं गल्लाभरू पुस्तकें सांपडलीं असतीं, तर आम्हीं आज लेखणी उचलली नसती. परंतु ज्यांस त्या देशाच्या वाङ्मयाचे आधारस्तंभ म्हणतात अशा कादंबऱ्याही तेथील शाळांच्या वाचनांतून वेळोवेळीं उठविल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं दोहोंचा इतिहास वाचकांपुढें ठेवला म्हणजे या प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानीं येईल.

पहिली कादंबरी मार्क ट्वेन यांची 'हकलबेरी फिन' ही होय. १८८५ च्या फेब्रुवारींत ती अमेरिकेंत प्रसिद्ध झाली, आणि महिना लोटतो न लोटतो तोंच मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील काँकर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या कमिटीनें तिला बाहेरची वाट दाखविली. काँकर्ड म्हणजे इमर्सन व थोरो यांचें गांव! भाषा ग्राम्य, वळण असभ्य, आणि नायक म्हणजे एक उनाड पोर; सबब हें पुस्तक सभ्य मंडळींच्या ग्रंथालयांत शोभत नाहीं, असा त्या कमिटीचा आक्षेप होता. ट्वेन यांनीं आपल्या प्रकाशकास कळविलें कीं, या बंदीमुळें आपल्या पंचवीस हजार प्रती हमखास खपतील! पुढें बहात्तर वर्षांनीं, म्हणजे १९५७ सालीं, न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणमंडळानें प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मंजूर यादींतून हेंच पुस्तक गाळलें. पण या वेळीं वाद होता तो काळ्या लोकांस अपमानकारक अशा मजकुराचा. पुस्तकांतील एक अक्षरही बदललें नव्हतें. बदलले होते ते आक्षेप घेणारे.

दुसरी कादंबरी हार्पर ली या बाईंची 'टु किल ए मॉकिंगबर्ड'. १९६० सालीं ती प्रसिद्ध झाली व पुढील वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. अलाबामा संस्थानांतील एका लहान गांवांत टॉम रॉबिन्सन नांवाच्या काळ्या मनुष्यावर बलात्काराचा खोटा आळ येतो; ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याचें वकीलपत्र घेतो; पुराव्यावरून आरोपी निर्दोष दिसत असतांही गोरे पंच त्याला दोषी ठरवितात; आणि ही सारी हकीकत त्या वकिलाची लहान मुलगी सांगते. १९६६ सालीं व्हर्जिनिया संस्थानांतील हॅनोव्हर परगण्याच्या स्कूल बोर्डानें ही कादंबरी अनीतिमूलक ठरवून शाळांतून काढण्याचें ठरविलें. २०१७ सालीं मिसिसिपी संस्थानांतील बिलॉक्सी येथें ती आठव्या इयत्तेच्या अभ्यासक्रमांतून गेली, कारण तिच्या भाषेमुळें लोकांस अस्वस्थ वाटतें! बोभाटा झाल्यावर, पालकांची लेखी परवानगी आणील त्या विद्यार्थ्यानें ती वाचावी, अशी तडजोड निघाली. २०१८ सालीं मिनेसोटा संस्थानांतील डुलुथ येथें वरील दोन्ही कादंबऱ्या सक्तीच्या वाचनांतून काढण्यांत आल्या, व काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या जुन्या संस्थेच्या स्थानिक अध्यक्षांनीं त्या निर्णयाचें स्वागत केलें. २०२२ सालीं वॉशिंग्टन संस्थानांतील मुकिल्टिओ येथें नववीच्या सक्तीच्या यादींतून 'मॉकिंगबर्ड' गेली, आणि तेथें मागणी खुद्द शिक्षकांचीच होती.

या हकीकतींत दोन अगदीं निरनिराळ्या तक्रारी एकत्र मिसळलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय न्याय होणार नाहीं. एक तक्रार अशांची कीं, ज्यांना आपल्या पूर्वजांनीं केलेला अन्याय आपल्या मुलांनीं वाचूं नये असें वाटतें. हॅनोव्हरच्या बोर्डाला त्या कादंबरींत अनीति दिसली; पण निर्दोष माणसास केवळ रंगावरून दोषी ठरविणें ही जी तींतील सर्वांत मोठी अनीति, तिच्याविषयीं त्याची तक्रार नव्हती. या तक्रारीबद्दल आम्हांस फारसा आदर वाटत नाहीं.

दुसरी तक्रार मात्र अगदीं वेगळी आहे, व तिची थट्टा करणें हें निर्दयपणाचें आहे. 'हकलबेरी फिन' मध्यें काळ्या मनुष्यास हिणविणारी एक शिवी दोनशेंहून अधिक वेळां आलेली आहे. तीस मुलांच्या वर्गांत एकच मूल काळें आहे. शिक्षक तो उतारा मोठ्यानें वाचीत आहेत. आणि तो शब्द आला कीं एकोणतीस माना त्या एका बांकाकडे वळत आहेत, असें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. महाराष्ट्रांतील वाचकांस तर हें समजावून सांगण्याचें कारणच नाहीं. जातीचें नांव हीच शिवी करून ती वापरण्याची आपली जुनी चाल आहे, आणि तो शब्द वर्गांत उच्चारला गेला असतां खालीं मान घालून बसलेलीं मुलें आपल्याही शाळांनीं पाहिलेलीं आहेत. अशा मुलाच्या आईनें मुख्याध्यापकांकडे येऊन, हें पुस्तक नको, असें म्हटलें, तर तिला वाङ्मयाची अभिरुचि नाहीं असें म्हणणारा मनुष्य स्वतःच्या माणुसकीविषयीं शंका उत्पन्न करतो. शिवाय या मंडळींचा आणखी एक आक्षेप आहे, आणि तोही खरा आहे. 'मॉकिंगबर्ड' मध्यें अन्याय होतो काळ्यांवर, पण बोलतात, विचार करतात व थोर ठरतात ते गोरे. वर्णभेदाविषयींचें एकच पुस्तक मुलांना सक्तीनें वाचावयास लावावयाचें व त्यांतही काळ्या माणसानें बहुतेक मुकेंच राहावयाचें, हें शिक्षण अपुरें आहे.

तक्रार खरी आहे असें आम्ही म्हणतों. परंतु तिच्यावर योजलेला उपाय आम्हांस मान्य नाहीं. याचें मुख्य कारण असें कीं, पुस्तक यादींतून उठविण्याचें हत्यार एकदां मान्य झालें, म्हणजे तें कोणाच्या हातांत आहे हें तें हत्यार विचारीत नाहीं. दुखावलेल्या आईनें तें उचललें, उद्यां तिच्या विरोधकानें उचललें. घाव तितकाच खोल बसतो. आणि प्रत्यक्ष घडलें आहे तें असेंच. न्यूयॉर्क संस्थानांतील आयलंड ट्रीज येथील स्कूल बोर्डानें १९७६ सालीं शाळांच्या ग्रंथालयांतून जीं पुस्तकें काढविलीं, त्यांत रिचर्ड राइट या काळ्या लेखकाचें 'ब्लॅक बॉय' हें आत्मचरित्र होतें. अलीकडच्या लाटेंत ज्या ग्रंथांवर पुन्हां पुन्हां घाला पडला, त्यांत टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' ही १९७० ची कादंबरी ठळक आहे. आपले डोळे निळे व्हावेत म्हणून झुरणाऱ्या एका काळ्या मुलीची ती कथा. तिच्या लेखिकेस १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालेलें. ज्या पुस्तकांत त्या एका बांकावरच्या मुलाला आपलें तोंड दिसावें, ज्यांत काळा मनुष्य मुका नसून स्वतः बोलतो, तींच पुस्तकें अश्लीलतेच्या नांवाखालीं उचलून नेण्यांत आलीं. ट्वेन व ली यांना घालवून त्या मुलाच्या हातीं मॉरिसन व राइट येतील अशी आशा करणारांस हा अनुभव पुरेसा बोलका आहे. एका दुखावणाऱ्या पुस्तकावर खरा उतारा म्हणजे दुसरें पुस्तक. रिकामी फळी नव्हे.

कोणी म्हणतील, पुस्तक ठेवा, पण तेवढी शिवी काढा. हाही प्रयोग होऊन गेला आहे. २०११ सालीं अमेरिकेंत 'हकलबेरी फिन' ची एक आवृत्ति निघाली, तींत त्या शिवीच्या जागीं सर्वत्र 'गुलाम' हा शब्द घातला होता. संपादकाचा हेतु चांगला होता यांत संशय नाहीं. शाळांनीं पुस्तक टाकूं नये म्हणूनच त्यानें ही खटपट केली. परंतु गुलामी ही कायद्यानें लादलेली स्थिति होती, आणि ती शिवी ही मनांतील तुच्छता होती. गुलामी १८६५ सालीं घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें संपली. ती शिवी संपली नाहीं. कायद्यानें स्वतंत्र असलेल्या काळ्या मनुष्यासही तीच शिवी मिळत असे. दोहोंच्या जागीं एकच शब्द ठेवणें म्हणजे, कायदा बदलला कीं मनही बदललें, असें मुलांस खोटें शिकविणें होय. वर्गांत ती शिवी मोठ्यानें उच्चारण्याचें कारण नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण छापलेल्या पानावरून ती पुसणें वेगळें.

आतां 'अस्वस्थ वाटतें' या सबबीचा विचार करूं. अस्वस्थ करणें हेंच कांहीं पुस्तकांचें काम असतें. हकलबेरी हा पोर जिम नांवाच्या पळालेल्या गुलामाबरोबर तराफ्यावरून मिसिसिपी नदींतून जातो. गुलामास पळून जाण्यास मदत करणें हें पाप, असें त्याला जन्मापासून शिकविलेलें. जिमचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीस कळविला नाहीं तर आपण नरकांत जाऊं अशी त्याची खरीखुरी समजूत. आणि तरीही मित्राला न दगा देण्याचा तो निश्चय करतो. समाजानें ज्यास धर्म म्हटलें तोच अधर्म असूं शकतो, ही गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या मुलाला यापेक्षां सरळ रीतीनें कोणता उपदेशक सांगेल? आमच्या भाषेंत हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली. तींतील यमूची कहाणी, तिच्या केशवपनाचा तो भयंकर प्रसंग, वाचून किती घरांतल्या वडील मंडळींस अस्वस्थ वाटलें असेल! पण त्या अस्वस्थतेमुळेंच विधवांचा प्रश्न ओसरीवरच्या वादांतून निघून माजघरांत जाऊन बसला. वाचणारांस त्रास होतो म्हणून तें पुस्तक त्या काळीं दूर ठेवलें असतें, तर वाचणाराचा त्रास वांचला असता, यमूचा नव्हे.

हें सर्व लांबच्या देशांत चाललें आहे, आपला त्याशीं काय संबंध, असें म्हणण्याची मात्र सोय नाहीं. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसावें आणि आपल्या डोळ्यांतलें मुसळ दिसूं नये, असें व्हावयाचें. १९७३ सालीं नॉर्थ डाकोटा संस्थानांतील ड्रेक गांवच्या शाळेंत कर्ट व्हॉनेगट यांच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' या कादंबरीच्या ३२ प्रती भट्टींत जाळल्या गेल्या, हें वाचून आपण नाक मुरडतों. पण २०१० सालीं मुंबईंत काय झालें? रोहिंटन मिस्त्री यांची 'सच ए लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजी अभ्यासक्रमास लावलेली होती. लेखक याच शहरांत वाढलेला, याच विद्यापीठाचा पदवीधर. कादंबरी १९९१ सालीं बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादींत आलेली. तींत आपल्या पक्षाविषयीं व मराठी माणसाविषयीं अपमानकारक उद्गार आहेत असें म्हणून शिवसेनेच्या विद्यार्थी शाखेनें विद्यापीठाच्या दारांत तिच्या प्रती जाळल्या. आणि कुलगुरूंनीं आपल्या तांतडीच्या अधिकारांचा उपयोग करून, वर्ष चालू असतांच, ती अभ्यासक्रमांतून काढून टाकली. कादंबरींतील एखादें पात्र जें बोलतें तें लेखकाचेंच मत असतें कीं काय, हा साधा प्रश्नही विद्यापीठासारख्या स्थळीं शांतपणें विचारला गेला नाहीं. हे तर प्रौढ विद्यार्थी होते. शाळकरी मुलांची कथा काय सांगावी?

येथें विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा आम्ही मोकळेपणीं मान्य करतों. यादींतून गाळलेलें प्रत्येक पुस्तक 'बंद' झालें असें नव्हे. शाळेचें वर्ष दहा महिन्यांचें, तासिका मोजक्या. नवें पुस्तक घ्यावयाचें तर जुनें एखादें सोडलेंच पाहिजे. साठ वर्षें शिकविलें म्हणून तें आचंद्रार्क शिकविलें पाहिजे, असा कोणत्याही ग्रंथाचा हक्क नाहीं. मुकिल्टिओच्या शिक्षकांनीं 'मॉकिंगबर्ड' वर सक्ती नको म्हटलें, पण ज्या शिक्षकास ती शिकवावयाची असेल त्यास मोकळीक ठेवली. त्यांस आम्ही पुस्तकाचे वैरी म्हणणार नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही आयलंड ट्रीजच्या १९८२ च्या निकालांत हा भेद ओळखलेला आहे. त्या खटल्यांत नऊ न्यायाधीशांचें एकमुखी बहुमत नव्हतें. तरी मुख्य निकालपत्राचें म्हणणें असें कीं, केवळ विचार आवडत नाहींत म्हणून स्कूल बोर्डास शाळेच्या ग्रंथालयांतून पुस्तक काढतां येणार नाहीं. अभ्यासक्रम ठरविण्याची त्याची मुखत्यारी मात्र निराळी व मोठी आहे.

मग योग्य बदल कोणता व बंदी कोणती, हें ओळखावें कसें? आमच्या मतें चार कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, निर्णय करणारानें तें पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलें असावें. खुणा केलेल्या चार ओळी वाचून दिलेला निकाल हा निकाल नव्हे. दुसरी, निर्णय शिकविणारांच्या विचारानें व्हावा, आणि त्याचीं कारणें लेखी व उघड असावींत. तिसरी, पालकाचा हक्क आपल्या पाल्यापुरता; त्याला दुसरें पुस्तक द्यावें, परंतु शेजाऱ्याच्या मुलाचें पुस्तक काढून घेण्याचा हक्क कोणाही पालकास नाहीं. चौथी, निकाल होईपर्यंत पुस्तक जागेवर राहावें. फ्लॉरिडा संस्थानानें २०२३ सालीं नेमका उलटा कायदा केला. लैंगिक वर्णनाचा आक्षेप कोणीं घेतला कीं शाळेच्या पांच दिवसांच्या आंत पुस्तक उचलावयाचें, आणि चौकशी मागाहून! आधीं फांशी व मग खटला, असा हा प्रकार आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्यें तेथील संघ न्यायालयाच्या एका न्यायाधीशानें त्या कायद्यांतील लैंगिक वर्णनासंबंधींचा भाग अतिव्याप्त ठरविला. पण दोन वर्षें ज्या फळ्या रिकाम्या राहिल्या, त्या फळ्यांसमोरून गेलेलीं मुलें परत त्या इयत्तेंत येणार नाहींत.

या चार कसोट्यांहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षकाची तयारी. त्या एका बांकावरच्या मुलाचें रक्षण यादी करूं शकत नाहीं. तें शिक्षकच करूं शकतो. पुस्तक हातीं घेण्यापूर्वीं गुलामगिरीचा इतिहास सांगणें, शिवी न उच्चारतां ती कां होती हें समजावणें, गोऱ्या लेखकाबरोबर काळ्या लेखकाचा ग्रंथ मांडणें, आणि तें मूल एकाकी पडत नाहीं ना हें पाहणें, हें काम कोणत्याही बोर्डाच्या ठरावानें होत नाहीं. त्यासाठीं शिक्षकास वेळ, शिक्षण आणि अभय पाहिजे. परंतु जेथें एका तक्रारीनें पुस्तक जातें, तेथें दुसऱ्या तक्रारीनें नोकरी जाईल ही भीति शिक्षकास वाटूं लागते. आणि भ्यालेला शिक्षक वादाचें पुस्तक कपाटांतून काढीतच नाहीं. ती बंदी कोणाच्याही गणनेंत येत नाहीं, आणि तीच सर्वांत मोठी असते.

शेवटीं हॅनोव्हरच्या त्या प्रकरणाची अखेर सांगितली पाहिजे. बोर्डाचा निर्णय कळतांच रिचमंड शहरांतील 'न्यूज लीडर' या दैनिकानें शाळकरी मुलांस 'मॉकिंगबर्ड' च्या प्रती फुकट देण्याचें जाहीर केलें. हार्पर ली यांनींही त्या पत्राकडे थोडी रक्कम पाठविली व तींतून बोर्डाच्या सभासदांस पहिल्या इयत्तेंत दाखल करावें असा टोमणा मारला. आतां यांतील विशेष असा कीं, त्या पत्राचे संपादक जेम्स किलपॅट्रिक हे वर्णभेदाचे कट्टे पुरस्कर्ते होते. काळ्या व गोऱ्या मुलांनीं एका शाळेंत बसूं नये म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें लेखणी झिजविली होती. आपल्या मताविरुद्ध साक्ष देणारी कादंबरी त्यांनीं स्वतःच्या हातानें मुलांच्या हातीं दिली. त्यांचें तें मत आम्हांस त्याज्य वाटतें. पण विरोधी मताच्या पुस्तकास वाट करून देण्याची ही त्यांची कृति मात्र अनुकरणीय होय. जें पुस्तक आपणांस प्रिय आहे त्याच्यासाठीं कोणीही भांडेल. जें आपणांस बोंचतें तें आपल्या मुलानें वाचावें, आणि वाचून झाल्यावर त्यानें आपल्याला अवघड प्रश्न विचारावे, एवढी ज्याची तयारी असेल, त्यानेंच शाळेच्या यादीस हात लावावा.